लाल दोरा आणि छोटं पातेलं

प्यारीबाईंच्या हातचे बेसनाचे गट्टे मंचरच्या बाजारपेठेत ज्यानं खाल्ले नाहीत, तो एक तर गावात नवा असावा, नाहीतर जिभेचा करंटा. पर्युषणाचे, जैनांच्या व्रताचे, आठ दिवस हिरवी भाजी घरात येत नाही. मग उरतं काय? बेसन, मुगवड्या, पापड, दाणामेथी. एवढ्यावर ही बाई रोज निराळं ताट वाढायची, तेही दिवस मावळायच्या आत. पेठ गावाहून भाजीची पाटी घेऊन येणारी साळुबाई दरवर्षी त्या दिवसांत मुद्दाम दारात थांबे. "आक्का, मेथी लई कवळी हाय, बघा तरी!"

"पुढच्या आठवड्यात ये, आत्ता पाप नको लावूस!" प्यारीबाई आतूनच ओरडत, आणि दोघी हसत.

यंदा मात्र त्यांचं लक्ष हसण्यात नव्हतं. नातसून रिद्धी, ओतूरची पोर, लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं, आणि तिनं अठाई धरली होती. अठाई म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही. उजेड आहे तोवर उकळून गार केलेलं पाणी, बस्स. घरचं पाणी गाळायचं आणि उकळायचं काम सासू गेल्यापासून प्यारीबाईंकडे होतं. ते आपल्याकडे यावं असं सुनेला, कंचनला, वाटे. तिचंही अगदीच खोटं नव्हतं. प्यारीबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि मागच्या महिन्यात रव्यात अळी राहिली होती. जैनाच्या घरात रव्यात अळी म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

"आई, पाण्याचं आता माझ्याकडे द्या," कंचन म्हणाली होती.

"मी मेल्यावर घे," प्यारीबाईंनी ठणकावलं होतं. पाणी गेलं की मागोमाग चूल जाणार, हे त्या ओळखून होत्या. आणि चूल गेलेल्या म्हातारीला घरात उरतं काय? खुर्ची आणि टीव्ही.

पूर्वी कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या पाण्याचा हंडा पितळी आणि उकळलेल्याचा स्टीलचा असे. चुकायचा प्रश्नच नव्हता. कंचननं दिवाळीला दोन्ही टाक्या स्टीलच्या आणल्या, तोटीच्या, अगदी जुळ्या. दिसायला काय छान! प्यारीबाईंनी उकळलेल्या पाण्याच्या तोटीला लाल दोरा बांधून ठेवला. उपवासाच्या पाचव्या दिवशी टाक्या घासताना तो त्यांनीच सोडला आणि त्यांनीच परत बांधला. संध्याकाळी झाकण उघडून बघतात तो काय, उकळलेलं पाणी काठोकाठ तसंच. दोरा कच्च्या पाण्याच्या टाकीला.

पोर दिवसभर कच्चं पाणी प्यायली! तिचा उपवास मोडला, आणि तोही आपल्या हातानं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दोरा सोडून दुसऱ्या टाकीला बांधला आणि मुकाट्यानं बाहेर येऊन बसल्या.

सांगायला हवं, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? पण कंचनचा चेहरा डोळ्यांपुढे येई आणि त्या दुसराच विषय काढत. उलट चिडचिड व्हायची ती कंचनवरच. दुपारी जरा डोळा लागून उठावं, तर रोज ओट्यावर छोटं पातेलं ओलं.

"घरात पोर उपाशी, आणि हिला चहाशिवाय राहवत नाही," त्या नवऱ्याला, हस्तीमलशेठना, म्हणाल्या. "स्वतःच्या घरात चोरून चहा!"

"घेऊ दे की," शेठ म्हणाले. "तू आपलं पाणी बघ."

त्यावर मात्र त्या उठून आत गेल्या.

संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, जैन स्थानकात प्रतिक्रमण, झाल्या चुकांची कबुली, झालं. मग घरोघरी, फोनवर, एकच बोल: मिच्छामि दुक्कडम्, कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. प्यारीबाईंनी शेजाऱ्यांची मागितली, दुकानातल्या माणसांची मागितली, सुनेची मागितली, रिद्धीपुढेही हात जोडले. कळत नकळत म्हणे! या दोन शब्दांच्या आड आपण लपतोय, याची त्यांना मनातून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. ओतूरहून रिद्धीचे आईवडील आले, गाणी म्हणायला शेजारच्या बाया जमल्या. प्यारीबाईंनी मुगाचं पाणी काढलं, तुपात बाजरीचं पीठ भाजून गुळाची राब केली, वर सुंठेची चिमूट टाकली. घरभर वास सुटला. पाटावर रिद्धी बसली होती, ओठ सुकलेले, पण चेहरा आनंदी. पहिला घोट घरातल्या मोठ्या बाईनं द्यायचा. प्यारीबाईंनी चमचा उचलला, आणि हात मधेच थांबला.

"थांबा गं," त्या म्हणाल्या. गाणं थांबलं. "कसलं पारणं करताय? हिची अठाई मी मोडलीय. पाचव्या दिवशी दोरा चुकीच्या टाकीला बांधला आणि हिला कच्चं पाणी पाजलं. वर गप्प बसले."

शेठ चष्मा पुसायला लागले. कंचननं हातातलं ताट खाली ठेवलं.

"दादीसा, मला माहीत आहे," रिद्धी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच घोटाला नळाच्या पाण्याचा, ब्लीचिंग पावडरचा वास आला. तशीच स्थानकात साध्वीजींकडे गेले. अजाणता झालंय, प्रायश्चित्त घे आणि उपवास पुढे चालू ठेव, म्हणाल्या. त्यानंतर टाकीचं पाणी प्यायलेच नाही, तुम्हाला कळू नये म्हणून रोज भांड्यांना काढत होते. रोज दुपारी तुम्ही पडलात की छोट्या पातेल्यात उकळून घेत होते." तिनं हात जोडले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. मिच्छामि दुक्कडम्, दादीसा."

तिनं चार शब्द सुनावले असते, तर प्यारीबाईंनी ते सोसले असते. पण आपण भरलेल्या पाण्यावर या पोरीचा भरवसा उरला नव्हता, आणि तरी ती रोज आपल्याशी हसून बोलत होती, हे त्यांना फार लागलं. तिची माया किती, हेही त्याच वेळी कळलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, पोरीला घोट घोट मुगाचं पाणी पाजलं आणि बायांना म्हणाल्या, "गा की गं, गप्प काय बसलात?"

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग कंचनही आली. प्यारीबाईंनी खुंटीवरचं गळणं, पाणी गाळायचं ते फडकं, काढलं, नीट घडी घातली आणि तिच्या हातात ठेवलं.

"आजपासून पाणी तू."

"आणि चूल?" कंचननं हळूच विचारलं.

"चुलीचं नाव काढून तर बघ! गट्टे मीच करणार." आणि त्यांनी सुनेपुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, कंचन."

"अहो आई, काल तर मागितलीत क्षमा. आता कशाबद्दल?"

"तू न प्यायलेल्या चहाबद्दल," प्यारीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तेच छोटं पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी कंचननं गाळून दिलं.