गोकुळाबाईचा खड्डा

आरमोरीकडच्या पिंपळबोडी गावात गोकुळाबाई नावाची ढिवरीण राहायची; तलावातले मासे-झिंगे धरून विकायची. हसणं तिला फारसं जमत नसे, भांडणंही नाही. काही हवं असलं की ती माणसापुढे जाऊन बसायची आणि ते मिळेपर्यंत उठायची नाही. एका कार्तिकात तिचा नवरा मनसाराम आणि थोरली लेक चंदा हिवतापानं गेली. मागं उरली धाकटी कमळा. पाऊस लागला की तीही दरसाल गोधडीत थरथरायची.

चोपन्न साली, पेरणीच्या आधी, हिवतापाचे डास मारायला सरकारी फवारेवाले गावात आले. त्यांनी घराघराच्या भिंतींवर डीडीटी मारली, संध्याकाळी तलावात उतरून पंप, बादल्या आणि स्वतःचे हातपाय धुतले आणि पुढच्या गावाला गेले. सकाळी तलावाच्या काठाला मेलेल्या झिंग्यांचा थर लागला होता. मधून मधून बोटऱ्या मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या. गावात कोणी म्हणालं देवीचा कोप, कोणी म्हणालं पाणी तापलं. गोकुळाबाईनं एक झिंगा उचलला, नाकाशी नेला. काल तिच्या घरात जो वास पसरला होता तोच वास होता. लोकांनी खायला नेलेली मासोळी तिनं घरोघर जाऊन परत आणली आणि पुरली. आभार कोणीच मानले नाहीत.

फवारेवाले भादव्यात पुन्हा येणार होते. ढिवरांनी तलावाच्या पाळीवर, बांधावर, बैठक बसवली. मुखरू त्यांचा म्होरक्या.

"या खेपेले काठ्या घेऊन वेशीवर उभे राहू," तो म्हणाला. "पाय ठेवू देणार नाई."

"येऊ द्या त्याइले," गोकुळाबाई म्हणाली.

"तुये झिंगे मेले नाई का, बाई?"

"मेले. पण श्रावण सरत आला अन् कमळा एकडाव थरथरली नाई. मले झिंगेबी पाह्यजेत, अन् पोरगीबी."

हे दोन्ही एकदम मागणारं माणूस बैठकीत पहिल्यांदाच आलं होतं, त्यामुळे काहीच न ठरता बैठक उठली.

बाजाराच्या दिवशी सुकटीची टोपली डोक्यावर घेऊन ती आरमोरीला गेली. फवारणीचे साहेब गुणवंतराव एका शाळेच्या ओसरीवर मुक्कामाला होते. टोपली उतरवून ती समोर बसली.

"साहेब, तुमी पंप तलावात काऊन धुता?"

"रोज धुवायचे असा हुकूम आहे, बाई."

"तलावातच धुवा म्हनते का हुकूम?"

गुणवंतरावांनी विचार केला. हुकूम तसं म्हणत नव्हता. मग त्यांनी आपलं दुखणं काढलं. "तुमचं गाव तरी कुठं ऐकतं? आम्ही औषध मारून जातो आणि बाया दुसऱ्या दिवशी भिंती मातीनं पोतारतात. सगळं औषध मातीखाली जातं."

"भिंतीचं मी पाह्यतो. तलावाचं तुमी पाहा."

पंप धुवायला खड्डा हवा, असं साहेबांनी सांगितलं. तलावापासून आणि विहिरीपासून दूर, उंच कोरड्या जागी. औषध कालवायचं पाणी बायांनी तिथंच आणून द्यायचं, म्हणजे फवारेवाल्यांना तलावावर जावं लागणार नाही. गोकुळाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि सुकट विकायला गेली.

जागा शालिकराम पाटलांनी दिली. त्यांची धानाची बांधी तलावाच्या पाण्यावर भिजायची आणि बैलही तिथंच पाणी प्यायचे. गवतही न उगवणारा एक मुरमाड तुकडा त्यांनी दाखवला आणि पुढं जन्मभर 'मी गावाले जमीन देल्ली' असं सांगितलं. खड्डा ढिवरांनी खणला. मुखरूनं सगळ्यात जास्त खणला आणि सगळ्यात जास्त कुरकुर केली.

खरा त्रास झाला तो बायांचा. दिवाळीला भिंती पोतारायच्या नाहीत, हे ऐकून त्या इतक्या चिडल्या की झिंगे मेले तेव्हाही तेवढ्या चिडल्या नव्हत्या.

"लक्ष्मी अशा घरात येईन का?" शकुबाईनं विचारलं.

"माहीत नाई," गोकुळाबाई म्हणाली. "माया घरी पोतारलं होतं त्या कार्तिकात जे आलं, ते मले माहीत हाय."

शकुबाईनं पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "जमीन तरी सारवाची का नाई?"

"जमीन सारवा."

एवढ्यावर निभावलं.

भादव्यात फवारेवाले आले. बायांनी रांग लावून पाणी वाहिलं. पंप खड्ड्यावर धुतले गेले. एक फवारेवाला सवयीनं हात धुवायला तलावाकडे निघाला, तर पाळीवर वाटेच्या मधोमध गोकुळाबाई बसलेली.  तो परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि हातजाळं फिरवलं. जाळ्यात शेवाळ, काड्या आणि चिमूटभर झिंगे आले. झिंगे उड्या मारत होते. तिनं ते पाण्यात सोडले आणि तशीच उभी राहिली. काठावरून शकुबाईनं हाक मारली, तर "डोयात पाणी गेलं," म्हणाली.

त्या साली तलावानं फार काही दिलं नाही. दिवाळीत पांढरे ओघळ उतरलेल्या भिंती पाहून पाहुणे हसले. मुखरूच्या बायकोनं मात्र गुपचूप पोतारलंच. कार्तिकात मुखरूला हिव भरलं, तेव्हा ते सासुरवाडीहून आणलं असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. कुनैनच्या गोळ्या त्याला गोकुळाबाईनंच नेऊन दिल्या. पुढच्या दिवाळीला त्याचं घर गावात सगळ्यात कळकट होतं.

दोन पावसाळ्यांनी झिंगे पहिल्यासारखे लागू लागले. मग शेजारच्या गावाच्या तलावात मासे मेले, तेव्हा गोकुळाबाई तिथं जाऊन बसली. त्यांनी तिला हाकललं. ती पुन्हा गेली. अखेर त्यांनी खड्डा खणला, पण विहिरीला लागून. तिनं तो पाहिला, डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि खड्ड्याच्या काठावर बसली.