पाचवं ढेकूळ

आधीच सांगून टाकते, मी भूगोल शिकवते. धुळ्याच्या एका शाळेत. अंगात आलेल्या बायकांना "अगं, लिंबू सरबत पी अन् गप्प पड" असं तोंडावर सांगणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझा धाकटा भाऊ हेमंत. आमचं गाव धरणगावजवळ, समुद्र कुठल्याच बाजूला नाही, आणि या पठ्ठ्याला वेड शिडाच्या बोटींचं! आधी मालवाहू जहाजावर होता, मग लोकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवायचं काम धरलं. यंदा चैत्रात काम आलं – कोचीहून सेशेल्स बेटं. तो आणि केरळचा एक जोडीदार, दोघंच.

निघण्याआधी तो माझ्याकडे आला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही बसलो.

"हेमू, अरे या दिवसांत तिकडे वारा नैऋत्येकडून यायला लागतो. म्हणजे थेट तुझ्या तोंडावर. हिवाळ्यात जा ना, पाठीवर वारा घेऊन!"

"अक्का, मालकाला बोट आत्ता हवीय. हिवाळ्यात काय, कुणीही जाईल."

समोरून वारा असला की शिडाची बोट सरळ जात नाही. घाट चढल्यासारखं वळणं घेत जावं लागतं, नुसता जीव जातो. म्हणून ठरलं, आधी पश्चिमेकडे बघायचंच नाही. मालदीवच्या कडेनं दक्षिणेला उतरायचं, विषुववृत्त ओलांडायचं, तिथे आग्नेयेचा वारा भेटला की मग उजवीकडे वळायचं. वाट लांबची, पण वारा आपला. फक्त मधला एक पट्टा वाईट, तिथे वारा पडतो आणि अचानक वादळी ढग फुटतात. तो आम्ही पेन्सिलीनं काळा केला.

माय तेव्हा माझ्याकडेच होती. भेंड्या चिरता चिरता म्हणाली, "वारा समोरथीन येस, त मंग जास कशाले?"

हेमू हसला, नारळ आणायचं कबूल केलं. "माय, तुनासाठे एक नारय लयसू ना!"

तो समुद्रात असतानाच अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. मी गावी गेले. आमच्याकडे अखाजीला पितरांची घागर भरतात, आणि घागरीखाली शेतातली मातीची चार ढेकळं ठेवतात. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा. घागर पाझरते, जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. मी ह्याला दरवर्षी हसते.

यंदा बघते तर ढेकळं पाच.

"हे पाचवं कुणाचं गं?"

"हेमूनं."

"अगं माय, तो काय शेतात आहे का? तो समुद्रात आहे. त्याचं कोरडं राहिलेलं बरं!"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच खुळी. "पानी कधी वाईट ऱ्हास का, बाई?" जन्मभर आभाळाकडे बघत काढलेल्या बाईला हे कसं समजावणार? मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी घागर उचलली. चार ढेकळं कडेला जराशी ओली. पाचव्याचा नुसता चिखल झालेला. घागर एकच, पाझर एकच! मायचा चेहरा खुलला. मी मोबाईल उघडला. बोटीवरचं यंत्र दर काही तासांनी ती कुठे आहे ते कळवायचं, नकाशावर ठिपका दिसायचा. ठिपका त्या काळ्या पट्ट्यात होता. संध्याकाळीही तिथेच. नंतर तो पुढे सरकलाच नाही.

मी कुठे कुठे फोन केले विचारू नका. सगळीकडून एकच – "मॅडम, शोध चालू आहे." गावात बसून मी काय करणार होते, सांगा ना? नकाशा पाठ होता, वारे पाठ होते, सगळं पाठ होतं, आणि उपयोग शून्य.

मायला सांगावंच लागलं. ती रडली नाही. तिनं तो चिखल गोळा केला, हातानं थापून त्याचं परत ढेकूळ केलं आणि उन्हात ठेवलं.

खरं सांगते, ते सुकेना. आमच्या गच्चीवर पापड बघता बघता वाळतात, पाय ठेवला की फोड येतो. आणि हे ढेकूळ रोज सकाळी ओलंगच्च. मी त्याच शेतातलं दुसरं ढेकूळ आणलं, त्याच घागरीतल्या पाण्यात भिजवलं, शेजारी ठेवलं. दुपारपर्यंत ते खडखडीत! मग मायच्या नकळत मी पहिल्याला जीभ लावली. खारट लागलं. आमची काळी माती, विहिरीचं गोडं पाणी... खारट कुठून?

सगळा उन्हाळा माय ते उन्हात ठेवायची, संध्याकाळी पदराखाली आत आणायची. त्याच्याशी बोलायची.

आता पावसाळा लागलाय. घरात मीठ पाझरतंय, काडी पेटत नाही, कपडे वाळत नाहीत. आणि काल सकाळी मायचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं, इतकी खूश.

"ढेकूय सुकनं! कोल्लं ठन्न! मना हेमू किनारे लागना वं, बाई!"

मी तशीच गाडी धरून गावी आले. ढेकूळ हातात घेतलं. हलकं, कोरडं, भेगा पडलेलं. मीठ पांढरं होऊन वर आलेलं.

कोरडं म्हणजे किनारा, की कोरडं म्हणजे संपलं? कुणाला विचारायची हिंमत नाही. फोन कुठूनही आलेला नाही.

आत मायनं पुरणाच्या मांड्यांसाठी डाळ शिजत घातलीय. मघाशी विचारत होती, तो नारळ आणेल तो फोडायचा की देवापुढे ठेवायचा. मी म्हटलं, ठेवू.