मालनबाईचं पाणी

मोहोपाड्यात बातमी नळाच्या आधी येते आणि नळ गेल्यावरही चालूच राहते. तर आमच्या चाळीत बातमी अशी आली, की जगदीशनं बायकोची कापून काढलेली गाठ पाताळगंगेत फेकून दिली आणि तपासणीला भलतंच काहीतरी नेऊन दिलं. कुणी म्हणालं, बकऱ्याची चरबी होती. शेजारच्या अंबाबाईनं तर हात हवेत उडवून गाठ पुलावरून कशी पडली तेही करून दाखवलं.

यातली नदी खोटी, पूल खोटा, आणि बकरा तर बिचारा उगाच गोवला गेला. गाठ तपासणीला गेली, जगदीशनंच नेली. वाटेत त्यानं बरणीतलं औषध तेवढं ओतून दिलं, तेही लोधिवलीच्या थांब्यामागच्या गटारात. पण हे औषध कळायचं तर आधी मालनबाई कळायला हवी.

मालन कशेळ्याकडची. लग्न होऊन इथं दोन खोल्यांत आली आणि कंपन्यांतल्या कंत्राटी कामगारांना डबे देऊ लागली. तिच्या हातची तांदळाची भाकरी पापुद्रा सुटून टम्म फुगायची, आणि तोंडातला शब्द त्याहून गरम असायचा. "भाजीत मीठ कमी हाय" म्हणणाऱ्याला ती सांगायची, "मग रड जरा वरून." तरी तो डबा बंद करत नसे.

नवरा मात्र मुका म्हणावा असा. केमिकल कंपनीत ऑपरेटर. तिथं हाताला एक नियम लागलेला: गळती दिसली की आधी भरपूर पाणी, मग चौकशी. एका पोराच्या तोंडावर ॲसिड उडालं, तेव्हा बाकीचे डॉक्टरला हाका मारत बसले आणि जगदीशनं त्याला ओढून नळाखाली धरलं. पोराचे डोळे राहिले. तेव्हापासून जगदीशची पाण्यावर जी श्रद्धा बसली, ती बसलीच. ड्यूटीवरून आला की अंघोळ केल्याशिवाय पोरीला उचलायचा नाही. जयंतीच्या मिरवणुकीत सगळे नाचायला पुढं, हा पाण्याच्या पिंपाशी ग्लास विसळत उभा.

आणि घरचं पाणीही तोच भरायचा. मनाली पोटात असताना मालन हंडा घेऊन शेवाळावरून घसरली होती. त्या दिवसापासून त्यानं तिला हंड्याला हात लावू दिला नाही. नळावर सगळ्या बाया आणि त्यांच्यात हा एकटा बाप्या. चाळीनं काय कमी छळलं त्याला? "जगदीशभाऊ, चुंबळ देऊ का डोक्यावर?" "भाऊ, हळदीकुंकवाला पन येताय ना?" तो हसायचा आणि हंडा खांद्यावर घ्यायचा. आत ओट्याशी मालनला सगळं ऐकू यायचं. ती मान वर न करता भाकरी थापत राहायची, थापेचा आवाज जरा वाढायचा इतकंच.

मनालीचं लग्न झालं, ती बदलापूरला गेली, आणि त्याच उन्हाळ्यात मालनला छातीत गाठ लागली. चौकजवळच्या एका लहान दवाखान्यात ती काढली. इकडची रीत अशी, की काढलेला तुकडा औषधात घालून बरणी नातेवाइकाच्या हाती द्यायची. त्यानं ती पनवेलच्या लॅबला पोचवायची. सिस्टरनं बरणी जगदीशच्या हातात ठेवली आणि एवढंच बजावलं, "सांडू नका."

शनिवारची दुपार. खच्चून भरलेली जीप. लोधिवलीच्या आसपास झाकण ढिलं झालं आणि आतल्या औषधाचा, फॉर्मालिनचा, भपकारा सुटला. माणसं नाकाला पदर-रुमाल लावून ओरडायला लागली, "उतरवा त्याला, उतरवा!" जगदीश उतरला. हा वास त्याच्या ओळखीचा. आयुष्यभर ज्यापासून हात जपले, ते जहर बायकोच्या मांसाला लागलंय. पुढचं डोक्यानं नाही, हातांनी केलं. बरणी ओतली, तुकडा स्वच्छ धुतला, पाण्याची बाटली विकत घेऊन बरणी काठोकाठ भरली. पनवेलला पोचला तर लॅब बंद. मग बरणी घरी आली. रविवारी त्यानं पाणी बदललं. सोमवारी निघताना पुन्हा बदललं.

रिपोर्ट आला, गाठ कॅन्सरची निघाली. डॉक्टरांनी मालनला समोर बसवून सांगितलं, की काही गाठींत पेशीच्या गाभ्यात बायकी हार्मोन बसायच्या जागा असतात. जागा सापडल्या तर रोज एक गोळी द्यायची. ती गोळी हार्मोनच्या आधी जाऊन जागा अडवते. अशा बाईचं पुढचं सहसा बरं असतं. "तुमच्या गाठीत त्या जागाच दिसल्या नाहीत. गोळीचा उपयोग नाही."

"म्हंजे यष्टीत रुमाल टाकायचा," मालन म्हणाली, "पन माझ्या यष्टीत शिटाच नाय."

डॉक्टर हसले. जगदीश हसला नाही.

मग सलाइनी झाल्या, केस गेले, परत आले. डबे पुन्हा सुरू झाले. लोक म्हणाले, सुटली. आणि वर्षभरानं तिची कंबर धरली. तवा उतरवताना तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली, की शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात कळलं, की रोग हाडांत उतरलाय. तिथं त्यांनी सुईनं नवा तुकडा काढला आणि तो तपासला. त्यात जागाच जागा निघाल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, "पहिल्या वेळी तुकडा लॅबला कसा नेला होता?"

जन्मभर मुका असलेला जगदीश त्या दिवशी भरभरून बोलला. झाकण कसं ढिलं झालं, आपण कसं धुतलं, पाणी साधं नाही तर बाटलीचं घातलं, रोज बदललं. शाबासकी मिळेल अशा तोंडानं त्यानं सगळं सांगितलं. मालन डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडं बघत होती. तिला त्याच्या आधी कळलं.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "त्या औषधानंच तुकडा टिकतो. पाण्यात तो कुजायला लागतो, मग त्या जागा असूनसुद्धा दिसत नाहीत. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं."

"तवाच गोळी मिळाली असती तर?" जगदीशनं विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. कदाचित बरीच वर्षं मिळाली असती. गोळी आता सुरू करू. ती आजार थोपवेल काही काळ."

परतीच्या गाडीत मालननं त्याचा हात धरला, तर तो लाकडासारखा. घरी आल्यावर त्यानं एकच काम सोडलं. नळ यायचा, बाया भांडायच्या, नळ जायचा. जगदीश भिंतीला टेकून आपल्या तळहातांकडं बघत बसायचा. पाणी घातलं एवढं मात्र त्यानं कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याला सांगितलं. सोबत्यानं बायकोला सांगितलं, आणि पुढं त्या घोटभर पाण्याची पाताळगंगा झाली.

मालन गोळी घ्यायची, भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची, पिंपाच्या तळाचं पाणी वाटीनं खरवडायची. रात्रीचं दुखणं ती दाताखाली धरून ठेवायची. नवऱ्याला ऐकू गेलं तर तो आणखी खचेल म्हणून. त्या गोळीवर पुढं तिनं दोनच पावसाळे काढले. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक?

एका सकाळी नळाच्या वेळेला चार बाया तिच्या दारात आल्या. पुढं अंबाबाई, डोळ्याला पदर लावून.

"वैनी, ऐकलं गं सगलं. एवढी शानी तू, आन् नशिबात असा मानूस! त्यानं गाठ पान्यात घातली नसती, तर आज तू..."

"राहू दे, अंबे."

"राहू कशी दे? पानी आमी भरून देतो तुला. त्याच्या हातचं पिऊ पन नको."

आतल्या खोलीत जगदीशनं मान आणखी खाली घातली. मालन दाराची चौकट धरून कशीबशी उभी राहिली. पायानंच तिनं रिकामा हंडा त्याच्याकडं ढकलला. हंडा फरशीवरून घरंगळत गेला आणि त्याच्या गुडघ्याला जाऊन लागला.

मग ती बायांकडं वळली.

"मनाली पोटात हुती तवापासून माझं पानी ह्यांनीच भरलं. तवा तुमी नलावर हसायला हुत्या, रडायला कोन नाय आली. येकदा चुकीच्या जागी वतलं, तर सगल्या आल्या डोलं पुसत! सरका आता दारातून, त्यांना जाऊ द्या. नल जाईल."