चौगुलेबाईंची शनिवारची बैठक

आधी एक दुरुस्ती. दोन वर्षांपूर्वी श्रीमती इंदुमती चौगुले, म्हणजे आमच्या चौगुलेबाई, सेवानिवृत्त झाल्या. तेव्हाच्या स्मरणिकेत मी लिहिले होते, की शिक्षकांच्या शनिवारच्या बैठकीत मी सांगितलेला पहिलाच पाठ सर्वांना आवडला आणि बाईंनी माझे कौतुक केले. हे खरे नाही. तो पाठ फसला होता. समारंभाच्या अंकात फसल्याचे कसे लिहावे, असे तेव्हा वाटले. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात तरी खरे लिहायला हवे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी आजरा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले. आमचे घर किराणा दुकानाचे. चौथीपर्यंत मला आत्तींनी, म्हणजे वडिलांच्या बहिणीने, घरीच शिकवले. चूक झाली की त्या आधी पाटी पुसायला लावत, मगच ती वडिलांना दाखवू देत. चूक दुसऱ्यापुढे मांडायची असते, हे मला ठाऊकच नव्हते.

बाई शेजारच्या गावात मुख्याध्यापिका होत्या. आसपासच्या सात शाळांचे शिक्षक शनिवारी शाळा सुटल्यावर पाळीपाळीने एकेका शाळेत जमत. प्रत्येकाने त्या आठवड्यात न जमलेला एक पाठ सांगायचा, ही बाईंनी घातलेली रीत. नव्या माणसाचा पाठ तर बाकीचे सगळे पुढच्या आठवड्यात आपापल्या वर्गावर जसाच्या तसा घेऊन बघत.

माझ्या पहिल्या शनिवारी बाई दाराशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझ्या डब्यातला पहिला घास त्यांनीच घेतला. पाळी आली तेव्हा मी सांगितले, की अपूर्णांक छान झाले, अर्ध्याहून पाव लहान हे मुलांना समजले.

“सगळ्यांस्नी?” बाईंनी विचारले.

मग मला सांगावे लागले. फळ्यावर १/२ आणि १/४ लिहिल्यावर निम्मा वर्ग दोनापेक्षा चार मोठे म्हणून पावच मोठा म्हणत होता.

“मग त्येच सांग की, पोरी. छान झालेल्याचं आमी काय करायचं?”

पुढच्या शनिवारी सहाही शाळांतून तोच पाठ फसून आला. कांबळे गुरुजींना हसू आवरेना. त्यांची पाचवीची मुलेही चारावरच अडून बसली होती. दुकानातून पाव किलो साखर आणणाऱ्या मुलाला पाव कळतो, तो लिहिला की अडते, हे आम्ही त्या दिवशी मिळून शोधले. त्यानंतर आमच्या शाळांत अपूर्णांकाला आधी तराजू येतो, मग खडू.

बैठक टिकवणे सोपे नव्हते. एका पावसाळ्यात प्रशिक्षणे आणि सर्वेक्षणे अशी लागली, की सलग तीन शनिवार बाई आणि मी अशा दोघीच होतो. बाईंनी दोघींचीही बैठक घेतली. एका साहेबांनी हजेरीपट ठेवायला सुचवले, तेव्हा त्यांना चहा देऊन बाई म्हणाल्या, की मग लोक सहीला येतील.

निवृत्त होताना ही बैठक त्यांनी माझ्यावर सोपवली. स्मरणिका वाचून एवढेच म्हणाल्या, “ह्यातली बाई चांगली हाय, पर ती मी न्हवं.” मी ते हसण्यावारी नेले.

त्याचा अर्थ यंदा कळला. चंदगडकडच्या एका वाडीवर सुनीता नावाची नवी शिक्षणसेवक आली आहे. एकदा बैठकीला आली, पुन्हा फिरकली नाही. बाजारात गाठ पडली तेव्हा मी कारण विचारले.

“तुमचा पयलाच पाठ सगळ्यांस्नी आवडला, मॅडम. पुस्तकात वाचलं मी. माझा एकबी जमंना. येऊन काय सांगू?”

नोकरीच सोडावी, असे तिच्या मनात आहे. ज्या बैठकीने मला सावरले, तिच्यापासून माझ्याच चार ओळींनी या मुलीला तोडले होते. मी तशीच बाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत.

“तिला बोलवू नगंस,” त्या म्हणाल्या. “तूच जा. तिच्या वर्गात, तिच्यासमोर, तुझा पाठ फसू दे.”

गुडघे दुखत असले तरी बाई अजूनही शनिवारी येऊन दाराशी बसतात. ते गुडघे त्यांना साथ देवोत, कान असेच तिखट राहोत आणि आमचे न जमलेले पाठ ऐकण्यासाठी त्यांना पुष्कळ वर्षे लाभोत. हा ग्रंथ रविवारी त्यांच्या हाती पडेल. त्याआधी, येत्या शुक्रवारची मी रजा टाकली आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने सुनीताच्या शाळेत जाईन. त्या दिवशी तिसरीचा वर्ग मी घेणार आहे, आणि ती मागे बसून बघणार आहे.