हातभर तुकडा

मी मुळातच उतावळा. चहा निवेपर्यंत दम निघत नाही, तोंड पोळून घेतो. दुष्काळाच्या त्या साली मी नवा ओव्हरसियर होतो. उमरग्याच्या पलीकडच्या एका गावात दूध सोसायटी जनावरांच्या छावणीसाठी पाण्याची टाकी उभारत होती. काँक्रीटच्या खांबांवर मारायला पाणी कुठून आणणार? म्हणून पत्र्याचे खांब ठरले. पन्हळीसारखे वाकवलेले दोन पत्रे समोरासमोर ठेवायचे आणि थोड्याथोड्या अंतरावर लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून ते जोडायचे. पट्ट्या जवळ असल्या की दोन पत्रे मिळून एक खांब होतो. लांब पडल्या की प्रत्येक पत्रा एकटा पडतो आणि मध्येच वाकतो.

खांब आले ते दुप्पट अंतरावर पट्ट्या मारून. मी भडकलो. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "आता परत कुठं धाडता साहेब? उद्या टँकर येतोय."

मग मी अक्कल चालवली. एक खांब जादा आला होता. त्याचा हातभर तुकडा कापून उभा केला आणि वर फळ्यांचा माचा बसवला. शेजारीच दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या. त्यांनी घमेल्यांनी खडी आणून माच्यावर रचली. भरल्या टाकीचा जेवढा भार एका खांबावर येणार होता, त्याहून जास्त खडी चढली, तरी तुकडा हलला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलोच होतो. म्हणालो, "बसा आता खुशाल टाकीखाली!" त्या माळावर दुसरी सावलीच नव्हती.

त्याच संध्याकाळी खांब उभे करून टाकी वर चढवली. दुसऱ्या सकाळी टँकरची वाट पाहत येरझारा घालत होतो. त्या जादा खांबाचा उरलेला लांब भाग जमिनीवर आडवा पडला होता. जाता जाता त्याच्यावर पाय दिला, तर दोन पट्ट्यांच्या मधला पत्रा दबला. मी खाली वाकून पाहिलं. काल कापलेल्या तुकड्यात पट्टी नेमकी मधोमध आली होती. खांबाची सगळ्यात मजबूत जागा मी तपासली होती आणि कमजोर जागा तशीच राहिली होती.

तेवढ्यात टँकर आला. टाकीखाली बायका घागरी घेऊन बसलेल्या. खडी वाहण्यात काल सगळ्यांत पुढं असलेल्या एका म्हातारीनं दोन खांबांच्या मध्ये नातवाची झोळी बांधली होती. पोर आत झोपलं होतं.

"थांबा, टाकी भरू नका!" मी ओरडलो. "माझं चुकलंय. त्या आडव्या खांबाचा पत्रा नुसत्या पायानं दबतोय."

चेअरमन लालबुंद झाले. "काल पास, आज नापास? पोरखेळ हाय व्हय?"

मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकांना बाहेर व्हा म्हटलं, तर एकही उठेना.

म्हातारी म्हणाली, "आमच्याच खडीनं पास केलं न्हवं? मग ते लांबडं उभं करा. खडी आमी देतो."

लांब खांब उभा केला, चारी बाजूंनी दोर ताणले आणि सगळ्यांना त्या खांबापासून लांब ठेवलं. टँकरच्या टपावर चढून मी स्वतः खडी ओतू लागलो. कालच्या निम्मीही झाली नव्हती, तोच पत्रे मधोमध फाकले. माचा कलला आणि सगळी खडी धडधडत खाली आली.

बायका घागरी उचलून उन्हात गेल्या. म्हातारीनं झोळीची गाठ सोडली. पोराला कडेवर घेऊन तीही गेली.

टँकरचं पाणी जुन्या आडात ओतलं. बायकांना ते गढूळ पाणी शेंदावं लागलं, ते माझ्यामुळं. वेल्डर आणून मधल्या पट्ट्या मारून घेईपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. मग टाकी काठोकाठ भरली. मी दिवसभर खांबांवरून हात फिरवत होतो. एकही खांब वाकला नाही. हळूहळू बायका पुन्हा सावलीला आल्या. म्हातारी मात्र पोराला पदराखाली घेऊन उन्हातच खडी फोडत राहिली.

मी जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, झोळी बांधा तिथं. आता खांब पक्के आहेत."

तिनं हातोडी थांबवली नाही. "तवा बी तुमीच सांगितलं व्हतं, साहेब."