नवी चेन, जुनी कॅसेट आणि सहाच्या आत लातूर

"आई, या रविवारी बसनं येऊ नको. सायकलवर ये," ऋतुजा फोनवर म्हणाली.

ऋतुजा माझी मुलगी. बारावीचं वर्ष, लातूरला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. दिवाळीनंतर तिचं फोनवरचं बोलणं 'हं', 'हो', 'ठेवते' एवढ्यावर आलं होतं. काय बिनसलंय ते विचारलं की गप्प. तिला घरी आणावं की तिथंच राहू द्यावं, मला कळत नव्हतं. तिच्या बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "सगळ्यांची पोरं राहतात." त्यामुळं तिनं आपण होऊन काही मागितलं, याचाच मला इतका आनंद झाला की नांदेड ते लातूर म्हणजे जवळजवळ एकशे चाळीस किलोमीटर आहेत हे फोन ठेवल्यावर आठवलं.

मी नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांची वापरलेली रोड बाईक विकत घेतली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, मागे नऊ गिअर असलेली. त्यांनी ती किती चालवली होती ते त्यांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. आता एवढा पल्ला गाठायचा तर चेन बदलावी का, हा प्रश्न पडला, आणि तिथूनच माझा गोंधळ सुरू झाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या चाकाला दातेरी चकत्यांची एक चवड असते, तिला कॅसेट म्हणतात. चेन तिच्यावरून फिरते. एका व्हिडिओत सांगितलं, चेन बदलली की कॅसेटही बदला. दुसऱ्यात सांगितलं, एका कॅसेटवर तीन चेनी आरामात निघतात. आमच्या सायकल ग्रुपवर विचारलं तर एकजण म्हणाला तेल बदला, दुसरा म्हणाला तेल नकोच, मेण लावा, आणि तिसऱ्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शेवटी शनिवारी संध्याकाळी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, चेन गेलीय. कॅसेट लई चालतीय अजून. कशाला खर्च करून राहिल्या?"

मला तेच ऐकायचं होतं. अकराशे रुपयांची नवी चेन टाकली, गल्लीत दोन चकरा मारल्या. लोण्यासारखी फिरली. जुनी चेन मी तिथंच टाकून येणार होते, पण सोबत आलेल्या शाहीननं ती कागदात गुंडाळून पिशवीत घातली. शाहीन माझी सायकलवरची मैत्रीण. तिचं शिवणकामाचं दुकान आहे आणि ती चिंधीसुद्धा फेकत नाही.

"अगं, लोखंड वाहून नेऊ का मी लातूरपर्यंत?" मी म्हणाले.

"तू नको. मै लेके चलती. नवी टूटी तो?"

शाळेत सोमवारची रजा टाकून रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. होस्टेलवर पालकांना भेटायची वेळ चार ते सहा. तीनपर्यंत पोचू असा हिशेब होता. जानेवारीची थंडी, बोटं ब्रेकवर वळत नव्हती. लोह्यापर्यंतचे तीसेक किलोमीटर कधी संपले कळलंही नाही. रस्ता चारपदरी आहे, कडेची पट्टी सायकलला पुरते. फक्त उड्डाणपुलाच्या जोडावर खडी साचलेली असते, तिथं बारीक टायरवाल्यांनी जपावं. लोह्यात फाट्यावर सुशीला खाल्ला. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार. तीस रुपये प्लेट, वर शेंगदाण्याचा कूट सढळ हातानं.

माळाकोळीच्या अलीकडे चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना हरभरा आणि पिवळी करडई. मी नेहमीच्या मधल्या गिअरवर होते. चढ वाढला तशी पेडलवर उभी राहिले, जोर लावला, आणि पायाखालचं पेडल एकदम मोकळं झालं. खट्. चेन दातावरून उडाली. गुडघा हँडलवर आपटला आणि मी सायकलसकट पट्टीवर आडवी. मागून येणारी एसटी कर्कश हॉर्न देत बाजूनं गेली.

"या अल्ला! लगी क्या?" शाहीन सायकल टाकून धावली.

गुडघा सोलवटला होता, पण पाय हलत होता. उठून पुन्हा बसले. पुन्हा जोर, पुन्हा खट्. मग सगळ्यात हलका गिअर टाकला, म्हणजे चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर आणली, तर आवाजही नाही, उडीही नाही. मधल्यावर आणली की उडी. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून त्या चकत्यांकडे बघत राहिलो. नव्या चेनीत दोष असेल तर ती मोठ्या चकतीवर गप्प कशी? आणि कॅसेट खराब असेल तर कालपर्यंत जुन्या चेनीबरोबर एकदाही कशी कुरकुरली नाही? मी गणिताची बाई, पण मला यातलं एक समीकरण मांडता येईना. गिअर बदलणाऱ्या तारेचा स्क्रू पिळून पाहिला. त्यानं एवढंच झालं की आता हलक्या गिअरवरही आवाज येऊ लागला. मग तो होता तसा परत पिळला. होता तसा म्हणजे कसा, हेही नक्की आठवत नव्हतं.

हलक्या गिअरवर पाय भिंगरीसारखे फिरतात आणि सायकल मुंगीसारखी चालते. अहमदपूर यायला बारा वाजले. लातूर अजून साठच्या वर. या वेगानं सहाच्या आत पोचणं शक्य नव्हतं. शाहीन म्हणाली, "बस पकड तू. सायकल टपावर टाकू." मलाही ते पटत होतं. पण ऋतुजानं बसनं येऊ नको म्हटलं होतं. का म्हटलं होतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून ते मोडायची भीती वाटत होती.

चहावाल्यानं मन्मथआप्पांचं दुकान दाखवलं. पत्र्याचं शेड, बाहेर फवारणीचे पंप दुरुस्तीला रांगेत लावलेले, आत दोन जुन्या सायकली उलट्या टांगलेल्या. आप्पा साठीचे, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. त्यांनी माझी सायकल एका हातानं उचलून पाहिली.

"असली सायकल मी पैल्यांदाच हातात धरून राहिलो. काय होतंय?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी एकच विचारलं, "जुनी चेन कुठं हाय?"

शाहीननं माझ्याकडे असं पाहिलं की बोलायची गरज उरली नाही. तिनं कागदाची गुंडाळी काढली. आप्पांनी नव्या चेनीची जोडकडी, म्हणजे दोन टोकं जोडणारी कडी, उघडायचा प्रयत्न केला, ती हलेना. मग शेजारच्या दोन कड्यांतून सुतळीचा फास घातला, जोरात ओढला, आणि कडी टक्कन सुटली. दोन्ही चेनी त्यांनी भिंतीतल्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगल्या.

"मोजा कड्या, मास्तरीणबाई."

मी मोजल्या. दोन्हींच्या सारख्याच. पण जुनी चेन खाली चांगली एक कडीभर जास्त लोंबत होती.

"ताणली गेली?" मी विचारलं.

"लोखंड कुठं ताणतंय? आतल्या पिना झिजल्यात. दर कडीला केसभर फट. शंभर कड्यांचे शंभर केस." मग त्यांनी कॅसेटच्या मधल्या चकतीवर नख फिरवलं. "तुम्ही रोज हितंच चालवता. हे दात त्या लांब चेनीसंगट झिजत गेले, तिच्या मापाचे झाले. नवी चेन आखूड हाय, ती ह्यात बसत न्हाई, वर चढती. मोठी चकती तुम्ही वापरलीच न्हाई, म्हणून ती नव्यावानी हाय. तिथं बसती."

"मग आता?"

"दोन्ही नवं टाका, न्हाईतर दोन्ही जुनं. कॅसेट माझ्याकडं न्हाई. जुनी चेन बसवून देतो."

"पण ती खराब आहे ना?"

"खराब हाय. पण आज चालती."

मी पुन्हा गोंधळले. जी बदलायला पैसे दिले तीच परत बसवायला पैसे द्यायचे? पण आप्पांनी नव्या चेनीची जोडकडी जुनीला लावून टाकली होती. मग खिशातून शिवणयंत्राच्या तेलाची बाटली काढून एकेका कडीवर थेंब सोडला, आणि लगेच फडक्यानं सगळी चेन पुसून घेतली. "तेल आत पायजे. वर ऱ्हायलं की माती धरतंय." शेजारच्या चढावर मी पेडलवर उभी राहून जोर लावला. चेन एकदाही उडाली नाही.

पन्नास रुपये घेताना त्यांनी विचारलं, "लातूरला कोण हाय?"

"मुलगी. डॉक्टरकीची तयारी करते."

"हाव? तिला आवडतंय का ते?"

साधाच प्रश्न. "चांगली हुशार आहे," असं काहीतरी म्हणाले. आप्पा हसले नाहीत, मान डोलावून पंपाकडे वळले.

अहमदपूरहून सव्वाला निघालो. चाकूरपर्यंत वारा समोरून होता. शाहीन पुढं, मी तिच्या चाकामागं, मग अदलाबदल. गुडघा ठणकत होता. मी तिला विचारलं, "तुझी मुलगी कशात रमते, तुला माहितीय?"

"मालूम है ना. झोपण्यात," ती म्हणाली. थोड्या वेळानं वळून म्हणाली, "पूछ ना तू भी. पूछनेकू क्या लगता?"

लातुरात शिरलो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. होस्टेलच्या फाटकाशी ऋतुजा उभी होती, तीन मैत्रिणींसह. तिनं आधी सायकल पाहिली, मग माझा गुडघा.

"आई, अगं रक्त! बसनं यायचं ना मग!"

"तूच म्हणालीस ना बसनं येऊ नको?"

"बसनं आलीस की तू दीड तासात परत जातेस. घड्याळच बघत असतेस. सायकलवर आलीस तर रात्री थांबावं लागेल. उद्या सकाळी क्लासच्या आधी परत भेटशील, असं वाटलं."

शाहीन मैत्रिणींना सायकल दाखवायच्या निमित्तानं बाजूला गेली. आम्ही दोघी कडुनिंबाच्या पारावर बसलो. मी विचारलं, "हे सगळं तुला आवडतं का, ऋतू?"

तिनं चपलेनं माती उकरली. मग म्हणाली, "मला खालच्या बॅचमध्ये टाकलंय. दोन महिने झाले. तुम्हाला सांगितलं नाही."

माझ्या डोक्यात एकदम दहा प्रश्न आले. किती गुण पडले, कोणत्या विषयात, कुणी टाकलं, फी भरताना काय म्हणाले होते. एकही विचारला नाही. खरं सांगायचं तर समजूतदारपणानं नव्हे, कुठून सुरुवात करावी ते सुचलंच नाही म्हणून.

"फिजिक्स मला कळतच नाही," ती म्हणाली. "वनस्पतीशास्त्र आवडतं. आकृत्या काढायला आवडतात. पण सोडायचं का नाही, ते नाही कळत. तू सांग."

"मलाही कळत नाही गं."

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून हे वाक्य तिनं कधी ऐकलं नसावं. मग ती रडली, आणि रडता रडता माझा गुडघा तिच्या बाटलीतल्या पाण्यानं धुऊ लागली. सहाची घंटा झाली तेव्हा तिनं सांगितलं, "परीक्षा देते. यंदाचीच. नाही झालं तर पुन्हा वर्ष नको. बाबांना तू सांग."

रात्री शाहीनच्या मामींकडे राहिलो. सकाळी ऋतुजाला दहा मिनिटं भेटले, मग लातुरातलं सायकलचं दुकान उघडायची वाट पाहिली. तिथं नवा गोंधळ. सगळ्यात मोठी चकती अठ्ठावीस दातांची की बत्तीसची? मोठी घेतली तर चढ सोपा, पण मागचा डिरेलर, म्हणजे चेन ढकलणारी ती दांडी, तिला झेपेल की नाही, यावर दुकानातल्या दोघांचं एकमत होईना. मी माझ्या जुन्या कॅसेटचे दात मोजले. अठ्ठावीस. तेवढ्याच दातांची घेतली, आणि नवी चेन अखेर तिच्यावर नीट बसली. तुम्हीही शंका असेल तेव्हा आहे तेवढंच घ्या. आणि प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी काहीही बदलू नका.

परतीला चेनीचा आवाजच नव्हता. अहमदपूरला आप्पांचं दुकान बंद होतं.

घरी आल्यावर तिच्या बाबांना सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, "दोन महिने पोरीनं एकटीनं धरून ठेवलं?" आणि उठून गॅलरीत गेले. माझा गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला. आता दर महिन्याला स्टीलची पट्टी लावून बारा इंचांत चेनीच्या चोवीस कड्या बसतात का ते बघते. पट्टीच्या पुढं सरकली की बदलायची. एवढं एक मला कळलंय. ऋतुजाचं पुढं काय, ते तिला, मला, तिच्या बाबांना, कुणालाच अजून माहीत नाही.

काल संध्याकाळी मी भाकरी करत असताना तिचा फोन आला. 'काय करतेस' नाही, 'जेवलीस का' नाही. पहिलंच वाक्य, "आई, या वेळी पण मार्क कमी पडलेत."

मी गॅस बंद केला आणि पाट ओढून खाली बसले. "सांग," म्हणाले. ती पाऊण तास बोलत होती.