बाबांनी तिला शिकवलेली गाठ

तिचं नाव मी मुद्दाम विचारलं नाही.

गावांच्या, रस्त्यांच्या पाट्यांवरची नावं बदलू लागली, तेव्हा 'देश कोणाचा' या प्रश्नावर काम करणारा चित्रकारांचा एक गट आमच्या यंत्रमागांच्या वस्तीत, इतवाऱ्यात आला होता. प्रत्येक मोहल्ल्यातून सूत घ्यायचं, ते जोडायचं आणि एकच कापड विणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या गटात मलाही जायचं होतं. मी माझी चित्रांची वही नेली. गटातल्या एका मुलीनं ती भराभर चाळली, "छान आहे" म्हणाली आणि विचारलं, "तुझे बाबा लूमवर असतात ना?"

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरात मांडी घालून बसली होती. नखांत निळा रंग, केसांत पेन्सिल खोचलेली. तुटलेलं सूत जोडायची गाठ बाबा तिला दाखवत होते.

"काका, फिर से."

"घाई नको करू बेटा. अंगठ्याखाली दाब. नीट बसलेली गाठ हाताला लागत नाही."

तासाभरात तिला ती जमली. बाबा इतके खूश माझ्या बारावीच्या निकालालाही झाले नव्हते. मला तर त्यांनी लूमच्या जवळही कधी येऊ दिलं नव्हतं.

ती गेल्यावर मी विचारलं, "मला का नाही शिकवली?"

"ती शिकून परत जाणार. तू शिकला असता, तर माझ्या बाजूच्या लूमवर उभा राहिला असता."

मला ते पटलं, तरी जळणं थांबलं नाही.

कापड टाऊन हॉलमध्ये लागलं तेव्हा लोक देशाबद्दल बोलत होते. मी त्यावरून बोटं फिरवत तिची गाठ शोधत होतो. ती कुठेच लागली नाही.